जड कॅरव्हानसाठी व्हील डॉली घेताना
व्हील डॉली म्हणजे कॅरव्हानच्या (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या) टायरखाली ठेवून ती ढकलत हलवायची, खाली छोटी चाकं असलेली पाटी. डॉलीवर छापलेली वजनक्षमता एका डॉलीची की जोडीची, हे आधी विचारा. बहुतेक गोंधळ तिथेच होतो. वजनही रिकाम्या कॅरव्हानचं नको, पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, सामान सगळं धरून मोजा. एका ॲक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) 1,500 किलो येत असतील तर प्रत्येक चाकाखाली 750 झाले. मी तरी 1,000 किलोच्या आतली डॉली घेणार नाही, कारण जमीन उंचसखल असली की भार एकीकडे झुकतो. रंग, हँडल वगैरे सोडा, खालची चाकं बघा. लहान, कडक चाकं बारीकशा खड्यालाही अडतात. खडीवर किंवा मऊ मातीत तर विसराच. आणि उतारावर अजिबात नको: टायर डॉलीवर चढले की कॅरव्हानच्या हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही.