ऑफिसातल्या सत्यनारायणाला ख्रिस्ती माणसाने जावं का? प्रसाद घ्यावा का?

बायबलमधल्या १ करिंथकर या पत्रात, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात, जवळपास हाच प्रश्न आहे. करिंथ शहरात देवळात वाहिलेलं मांस पुढे बाजारात विकायला येई, आणि मेजवान्याही देवळाच्या आवारात होत. त्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही, इथेच लोक चुकतात.

बाजारातलं खुशाल घ्या, विचारत बसू नका (१०:२५, म्हणजे अध्याय १०, वचन २५). कुणी जेवायला बोलावलं तर जा, वाढलेलं खा (१०:२७). पण 'हे देवाला दाखवलेलं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर खाऊ नका. तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी (१०:२८-२९). प्रत्यक्ष उपासनेच्या पंक्तीत बसणं मात्र त्याने साफ नाकारलं (१०:२१).

म्हणजे पूजेला बसणं, आरती करणं टाळा. नंतरच्या जेवणाला सहकाऱ्यांसोबत जरूर बसा. प्रसाद हा प्रसाद म्हणूनच हातावर ठेवतात, त्यामुळे १०:२८ लागू होतं. हात जोडून 'मी घेत नाही, राग मानू नका' एवढं पुरे. तिथे प्रवचन नको. वर्गणीबद्दल पत्रात काही नाही. चहा-जेवणाच्या खर्चात वाटा उचलायला माझ्या मते हरकत नाही.

'मूर्ती म्हणजे काहीच नाही' (८:४) एवढंच धरून सगळं खाणारे पुढचं ८:९ विसरतात: आपल्या मोकळेपणाने विश्वासात दुर्बळ असलेला ख्रिस्ती बांधव ठेचकाळू नये. उलट, अशा दिवशी रजा टाकून घरी बसणाऱ्यांनी ५:१० वाचावं. मूर्तिपूजकांशी संबंधच नको म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल, असं पौल तिथे म्हणतो.