दहा महिन्यांच्या बाळाला जळगाव–पुणे विमानात मांडीवर घ्यावं की वेगळी सीट काढावी?

तुम्ही लिहिलंय, सासूबाई म्हणतात, "आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, सीटचे पैसे कशाला?" घरात त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. विमानात मात्र नाही.

धक्का वजनाच्या तिप्पट जोराचा बसला, तर ९ किलोचं बाळ त्या क्षणी २७ किलोसारखं ओढ घेतं. आपल्याकडच्या भाषेत, केळीचा भरगच्च घड. तो अचानक उसळला तर नुसत्या हातांनी कोण धरणार? इथे मायेचा प्रश्नच नाही.

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेड या विमान कंपनीचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. चार मुलं मांडीवर प्रवास करत होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी आईवडिलांना मुलं पायाशी, जमिनीवर ठेवायला सांगितलं. त्यातलं एक बाळ गेलं. प्रत्येक बाळाला स्वतःची सीट आणि पट्टा हवा, ही मागणी जॅनबाईंनी पुढे वर्षानुवर्षं लावून धरली. तरी तिथे आजही दोन वर्षांखालच्या मुलांना सीटची सक्ती नाही. सरकारचं म्हणणं असं, की जादा तिकिटामुळे कुटुंबं गाडीने जातील आणि रस्त्यावर धोका विमानापेक्षा जास्त आहे.

मला सक्ती हवीच वाटते, पण रस्त्याचा मुद्दा खोटा नाही. म्हणून पैसे जुळत नसतील तर बाळाला मांडीवर घेऊन विमानानेच जा. त्यापायी रात्री कन्नड घाटातून गाडी काढू नका.

पैसे जुळत असतील तर सीट घ्याच. फक्त सीट घेऊन भागत नाही. विमानात चालेल असा शिक्का असलेली बाळाची कार सीट लागते, आणि ती खिडकीशी लावायची. जळगावला एटीआरसारखी छोटी विमानं येतात, तेव्हा कार सीटची रुंदी मोजून, ती बसेल का हे तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करून विचारा.

मांडीवरच घेणार असाल तर बाळाचा वेगळा पट्टा मागून घ्या. तो तुमच्या पट्ट्यात ओवतात. तुमच्याच पट्ट्यात बाळाला कधीही गुंडाळू नका, धक्क्याला तुमचं सगळं वजन त्याच्या पोटावर येतं. बाळ झोपलंय म्हणून पट्टा सोडू नका. आणि ऑक्सिजनचे मास्क खाली आलेच, तर जीव कितीही तुटला तरी आधी स्वतःला लावा, लगेच बाळाला. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर त्याला कोण लावणार?