'व्हिच'नंतर 'इट' का नको?

प्रश्न असा: 'धिस इज द बुक व्हिच आय बॉट इट' यातला शेवटचा 'इट' चूक का? मराठीत 'जे पुस्तक मी घेतलं, ते हे' असं म्हणताना 'जे'च्या जोडीला 'ते' लागतंच ना?

लागतं, पण ते कुठे बसलंय बघा. 'जे' गौण वाक्यात आहे आणि 'ते' मुख्य वाक्यात. 'जे पुस्तक मी ते घेतलं' असं मराठीतही कोणी म्हणत नाही. तुमचा 'इट' नेमका त्याच जागी घुसला आहे. मराठीतल्या 'ते'चं काम इंग्रजीत 'द बुक'नेच केलेलं असतं. 'द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल' यातला 'ही' मात्र थेट 'जो-तो'मधला 'तो' आहे. तोही गाळायचा.

वाक्य आधी दोन तुकड्यांत लिहा: 'धिस इज द बुक. आय बॉट इट.' आता 'इट' उचला, त्याचा 'व्हिच' करा आणि दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला ठेवा. जिथून उचललात ती जागा रिकामीच राहते.

याच रीतीने त्याहून चिवट चूक सापडते: 'द हाऊस व्हिच आय लिव्ह'. तुकडा होता 'आय लिव्ह इन इट'. 'इट' गेला, 'इन' कुठे गेला? तो राहायलाच हवा: 'द हाऊस व्हिच आय लिव्ह इन', किंवा जरा औपचारिक 'इन व्हिच आय लिव्ह'. 'इन दॅट' मात्र चालत नाही. 'व्हेअर' घेतलात तर 'इन' त्यातच आला. मराठी माणसाचा 'इन' हरवतो, कारण आपण 'मी राहतो ते घर' म्हणतो. 'ज्या घरात' मधला 'त' तिथे गळलेला असतो, आणि आपल्याला त्याची उणीव जाणवतही नाही.

'द बुक आय बॉट' असं 'व्हिच' गाळूनही बरोबर आहे, कारण 'व्हिच' इथे कर्म आहे. 'द मॅन हू केम' मधला 'हू' कर्ता आहे, तो गाळता येत नाही.

स्वल्पविरामाने तर अर्थच बदलतो. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर' म्हणजे भाऊ अनेक, त्यांतला नागपूरचा. 'ब्रदर' आणि 'नागपूर' यांच्यापुढे स्वल्पविराम दिलेत, तर भाऊ कोणता हे आधीच ठरलेलं आहे आणि नागपूर ही जादा माहिती. अशा स्वल्पविरामानंतर 'हू'च्या जागी 'दॅट' घालू नका.