जुना डेस्कटॉप प्रचंड स्लो झालाय, फॉरमॅट मारूनही फरक नाही. नवाच घ्यावा का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वडिलांच्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानातलं २०१३ चं असेम्बल केलेलं मशीन, तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. डेस्कटॉप दिसायलाच आठ-दहा मिनिटं, आणि क्रोम उघडलं की सगळं ठप्प. मेकॅनिकने दोनदा फॉरमॅट मारला, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता तो म्हणतो, नवीनच घ्या.

लगेच घेऊ नका. मी दुरुस्तीचंच काम करतो. अशा मशीनमध्ये प्रोसेसर सहसा धडधाकट असतो, बिघाड त्याला माल पुरवणाऱ्याकडे असतो, म्हणजे हार्डडिस्ककडे. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका, मशीनलाच विचारा.

चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्क निवडा. वर १०० टक्के दिसेल ही माझी जवळजवळ खात्री आहे, पण तो आकडा सोडा. खाली ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ लिहिलेलं असतं, ते बघा. कामाच्या ओझ्याखाली चांगली हार्डडिस्क दहा-वीस, फार तर पन्नास मिलिसेकंद दाखवते. तिथे सतत पाचशे, हजार, दोन हजार असे आकडे दिसत असतील आणि रीड-राइटचा वेग मात्र काही केबीच असेल, तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. खराब सेक्टर लागला की ती तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ अख्खं विंडोज तिच्या तोंडाकडे बघत बसतं.

म्हणूनच फॉरमॅटने काही झालं नाही. फॉरमॅट म्हणजे त्याच डिस्कवर तीच विंडोज पुन्हा टाकणं. सुरुवातीला फायली कमी असतात म्हणून बरं वाटतं. उलट मरायला टेकलेल्या डिस्कवर अख्खी विंडोज पुन्हा लिहिणं म्हणजे तिला आणखी दमवणं. तेव्हा आता तिसऱ्यांदा नको. काहीही करायच्या आधी टॅलीचं डेटा फोल्डर, गिऱ्हाइकांच्या फायली आणि लग्नपत्रिकांचे जुने नमुने बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, आजच.

नक्की करायचं तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघत थांबलेले. दोन्हींपुढे शून्य हवं. सी५ वाढत असेल तर विषय संपला. सी७ या ओळीत मोठा आकडा असेल, तर मात्र दोष बहुतेक डिस्कचा नाही, ती मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदला, स्वस्तातली वस्तू आहे. तो आकडा नंतर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबला की समजा जमलं.

आता समजा डिस्क निरोगी निघाली. तरी १०० टक्के का? दोन कारणं. पहिलं रॅमचं. ४ जीबीतला काही भाग ऑनबोर्ड ग्राफिक्स खातं, उरलेल्यात विंडोज, अँटीव्हायरस आणि क्रोमच्या टॅब. जागा संपली की विंडोज रॅममधला मजकूर हार्डडिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. त्यामुळे दुखणं रॅमचं आणि ओरडते डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांच्या पुढे असेल तर हेच समजा.

दुसरं कारण हार्डडिस्कच्या घडणीतच आहे. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात ते डोकं त्या रेषेपर्यंत सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फायली सेकंदाला सत्तर-ऐंशीच वाचून होतात. विंडोज १० चालू होताना हजारो छोट्या फायली मागते. एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. म्हणून डिस्क चांगली निघो की वाईट, माझा सल्ला एकच: एसएसडी बसवा, २४० किंवा २५६ जीबीची पुरे. तुमच्या काळातल्या बऱ्याच एच६१ (इंटेलचा चिपसेट) बोर्डांवर साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच असतो, त्यामुळे पाकिटावरचा मोठा आकडा कधी दिसणार नाही. त्याने बिघडत नाही, खरा फायदा वाट बघणं कमी होण्यातला असतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना, ते विंडोज टाकण्याआधी बघा. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही. फक्त अनोळखी ब्रँडची ‘२ टीबी, फारच स्वस्त’ असली एसएसडी ऑनलाइन दिसली तर हात लावू नका.

एसएसडी बसली की जुनी हार्डडिस्क ‘असू दे डी ड्राइव्ह म्हणून’ जोडून ठेवायचा मोह होतो. निरोगी असेल तर खुशाल ठेवा. आजारी असेल तर काढून टाका, नाहीतर नव्या एसएसडीवरसुद्धा फोल्डर उघडताना मशीन अडकेल आणि तुम्ही म्हणाल एसएसडी फालतू निघाली.

रॅम आणखी ४ जीबी घाला. बोर्डावर सहसा दोन स्लॉट असतात आणि डीडीआर३ ची पट्टी लागते, जुन्या बाजारातली चालेल. घेताना एक विचारा: काही स्वस्त ८ जीबीच्या पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, तुमच्या इंटेलवर मशीन चालूच होणार नाही. आणि त्याआधी सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते बघून घ्या. ३२ बिट असेल तर ती ४ जीबीच्या वर वापरतच नाही, मग पट्टी नुसतीच शोभेला. स्थानिक असेम्बलवाले पूर्वी सर्रास ३२ बिट टाकून द्यायचे.

कॅबिनेट उघडायचंच आहे तर प्रोसेसरचा पंखाही बघा. झेरॉक्सच्या दुकानात कागदाची भुकटी, टोनर, आणि मशीन देव्हाऱ्याखाली असेल तर अगरबत्तीचा धूरही. हे सगळं मिळून पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये जाड थर बसतो. वरून पंखा गरगर फिरताना दिसतो, पण हवा खाली जातच नाही. मग प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघा. तिसऱ्या पिढीचा डेस्कटॉप आय३ तीन गिगाहर्ट्झच्या वर चालतो. काम चालू असताना तो एकच्या आसपास अडकला असेल तर एकतर उष्णता, नाहीतर कोणीतरी पॉवर सेव्हर लावून ठेवलाय. प्लग काढून ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. हीटसिंकच्या चार प्लास्टिकच्या खिळ्यांपैकी एखादा उचकटलेला असेल तर हीटसिंक एका बाजूला उचललेला राहतो. मग तो काढून, खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून, नीट दाबून बसवावा लागतो.

बाकी जे उपाय लोक सांगतात त्यातले बरेचसे मनाचं समाधान. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश मारल्याने फक्त आयकॉन पुन्हा रंगतात. टेम्प फोल्डर रिकामं केल्याने सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तरच फरक पडतो. रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर तर उडवूनच टाका. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, ते दोघं प्रत्येक फाइल आळीपाळीने तपासत बसतात.

आता मेकॅनिकच्या बाजूने एक मुद्दा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे तुमच्या आय३ वर चालत नाही, तिला इंटेलची आठवी पिढी तरी लागते. दुकानात नुसतं टायपिंग, टॅली आणि प्रिंट असेल तर हे मशीन अजून काही वर्षं काढेल. पण वडील त्यावर नेटबँकिंग करत असतील तर ते फोनवर किंवा दुसऱ्या मशीनवर हलवा. फुकट लिनक्स मिंट टाका असं कोणीतरी सांगेलच, आणि घरच्या वापराला मीही सांगतो. पण तुमच्या दुकानाचं पोट टॅली आणि डाँगलवाल्या (यूएसबीत चावी लावल्यावरच चालणाऱ्या) मराठी फाँट सॉफ्टवेअरवर आहे. ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, तिथे नसत्या भानगडीत पडू नका.

मेकॅनिकचं म्हणणं एकाच प्रसंगी ऐका. कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरच्या आजूबाजूचे गोल कपॅसिटर वरून फुगलेले किंवा तपकिरी द्रव गाळणारे दिसले, तर त्या बोर्डावर पैसे घालू नका. तशा वेळी फक्त एसएसडी घ्या, कारण ती पुढच्या मशीनमध्येही वापरता येते. ही रॅम वापरता येत नाही, नव्यात डीडीआर३ बसत नाही.