पेटंटचं प्रोव्हिजनल भरलंय म्हणून प्रदर्शनात झाकण उघडू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. निपाणीचं घर, बेळगावच्या हॉस्पिटलात बायोमेडिकलची नोकरी, वॉर्मरवरच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या मशीनवरच्या, बाळाच्या अंगावरचा तापमान मोजणारा प्रोब कातडी न सोलता धरून ठेवणारं साधन, आणि शेवटी तो प्रश्न: 'पेटंटचं प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) भरून झालंय, शनिवारी प्रदर्शन आहे, आता सगळं उघड दाखवायला हरकत नाही ना?' हेच मी २०१७ मध्ये एकाला विचारलं होतं. तो 'काही हरकत नाही' म्हणाला. म्हणून लिहायला बसलो.

विषय तुम्ही चांगला धरलाय. प्रोब सुटला की त्याला गार हवा लागते, मशीनला वाटतं बाळच गारठलंय आणि ते हीटर वाढवत जातं. रात्रपाळीत हे बघितलेल्या माणसालाच असलं काही सुचतं. फॉर्म कुठले, फी किती हे सांगत बसत नाही, तुम्ही ते केलेलंच आहे.

माझं सांगतो. अकरा वर्षं मशिनं दुरुस्त करत फिरलो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. तिथं एकदा विजेचं सक्शन (तोंडातली घाण ओढून काढणारं मशीन) कोपऱ्यात आणि सिस्टर रबरी बल्बनं बाळाचं तोंड साफ करतायत, असं बघितलं. पायानं दाबायचं सक्शन काही नवीन नाही, बाजारात कधीपासून मिळतंय. पण ओढलेली घाण साठते ती बाटली भरली की घाण पंपात शिरते, आणि असा घाण झालेला पंप एकदा माळ्यावर गेला की परत खाली येत नाही. मी बाटलीच्या झाकणातच सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बसवला. पातळी वर आली की वाट बंद, आणि हातानं उपसून धुता येतो. एवढंच माझं. बाकी सगळं जगाचं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या मामांनी ते झाकण किती वेळा कातलं असेल! शेवटी म्हणाले, "इंजिनियर, तुमचं झाकण आमच्या पोरीच्या लग्नापर्यंत चालतंय बघा ओ."

(जाता जाता: नमुना थ्री-डी प्रिंटरवर काढणार असाल तर पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, घेऊन ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनच्या, वाटेला जाऊ नका. साठ अंशांच्या आसपासच ते मऊ पडतं, तिथं १२१ लागतात. माझी दोन झाकणं पापडासारखी बाहेर आली.)

तेव्हा मी एका कॉलेजात तासांवर शिकवायला जायचो. तिथं पेटंटचे अर्ज भरून देणारा सेल होता. नाव घेत नाही, आणि कृपया कुणी अंदाजही बांधू नका. मार्च संपत आला होता, त्यांना वर्षाच्या अहवालात आकडा दाखवायचा होता. एका दुपारीत तीन पानांचं प्रोव्हिजनल झालं: 'पायाने चालणारे, सहज स्वच्छ होणारे सक्शन यंत्र'. आकृती नाही. व्हॉल्व्हचा एक शब्द नाही. मी विचारलं तर, "ते कम्प्लीटमध्ये (पूर्ण अर्जात) घालू की, वर्ष आहे हातात." पुढच्या महिन्यात प्रदर्शन. "तारीख मिळालीय, बिनधास्त दाखवा." दाखवलं. झाकण उघडून, व्हॉल्व्ह हातात घेऊन. कॉलेजनं माहितीपुस्तिका काढली, त्यात व्हॉल्व्हची उभ्या छेदाची आकृती, खाली दोन परिच्छेद इंग्रजीत, आणि सगळं वेबसाइटवर. मीच काढून दिली होती ती आकृती, हौसेनं.

आता मुद्दा, तो शनिवारच्या आत नीट समजून घ्या. प्रोव्हिजनलची तारीख तुमच्या नावाला मिळत नाही, त्यात जे लिहिलंय त्याला मिळते. कम्प्लीटमधला एखादा दावा (ज्या भागावर हक्क मागता तो) प्रोव्हिजनलच्या मजकुरावर उभा नसेल, तर त्याची तारीख कम्प्लीट भरलेल्या दिवसाची. माझ्या तीन पानांत जे होतं ते सगळं जगाला आधीच ठाऊक होतं. नवीन होता तो व्हॉल्व्ह, आणि त्याची तारीख पडली कम्प्लीट भरल्याची, मार्च २०१८. त्या तारखेआधी जाहीर झालेलं नवीन धरत नाहीत, आणि मधल्या काळात तो जाहीर करणारा माणूस कोण, तर मीच. पेटंट ऑफिसचा परीक्षण अहवाल आला तेव्हा त्यात आधीचा दस्तऐवज म्हणून पहिल्या क्रमांकावर आमच्याच कॉलेजची पुस्तिका होती. उत्तराला सहा महिने असतात. मी पहिले दोन नुसते त्या पानाकडे बघत घालवले. सेलमध्ये गेलो तर साहेब म्हणतात, "पण तुम्ही दाखवलंत कशाला?"

हे वाक्य आजही जेवताना आठवलं की घास अडकतो. बरं, त्यांच्या अहवालात माझं पेटंट 'दाखल' म्हणून मोजलं गेलंच. दाखल झालेलं मोजतात, पुढं मेलेलं कोण मोजतो?

'प्रदर्शनाला सूट असते' असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. सूट आहे, पण केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला, आणि तीही बारा महिन्यांपुरती. हॉल भाड्यानं घेऊन लावलेलं प्रदर्शन त्यात बसत नाही. यूट्यूबवर 'दाखवल्यावर वर्षभर भरता येतं' सांगणारे बहुतेक अमेरिकेचा कायदा सांगत असतात. तिथं शोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनाला खरंच वर्षाची मुभा आहे. आपल्याकडं तशी सरसकट मुभा नाही.

मी वकील नाही, पेटंट एजंटही नाही, तेव्हा एजंटाला विचारूनच करा. पण तुमच्या जागी मी असतो तर आज रात्री प्रोव्हिजनल उघडून एकच बघितलं असतं: ती पकड नक्की कशी धरते, कुठल्या आकारामुळं कातडीवर ओढ येत नाही, कुठलं मटेरियल, पर्याय कुठले, हे आकृतीसकट त्यात आहे का? नसेल तर शुक्रवारच्या आत दुसरं प्रोव्हिजनल भरा. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन १,६०० रुपये. दोन्ही जवळच्या शोधांची असतील तर पुढं एकाच कम्प्लीटमध्ये जोडता येतात, फक्त बारा महिने पहिल्या तारखेपासून मोजायचे.

तुम्ही विचारलंय, कोल्हापूर जवळ पडतं तर मुंबईच्या पेटंट ऑफिसला भरू का. एजंट कोल्हापूरचा घ्या, काही बिघडत नाही, पण तुमचा पत्ता आणि काम दोन्ही कर्नाटकात, म्हणजे अर्ज चेन्नईला. जायला लागत नाही, सुनावणीही व्हिडिओवर होते. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी की कन्नड हा आपल्याकडचा रोजचा घोळ निदान तिथं नाही.

अजून एक, थोडं नकोसं. नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीतल्या शोधावर मालकाचा आपोआप हक्क असं पेटंट कायद्यात कलम नाही, पण सही केलेल्या करारात असू शकतं. तुम्ही प्रोब हॉस्पिटलच्याच वॉर्मरवर, ड्यूटीच्या वेळात तपासलाय असं पोस्टमध्ये लिहिलंय. ते वाक्य तरी आधी काढून टाका. आणि फोटोही.

विकायचा परवाना हे वेगळं प्रकरण. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत कमी धोक्याचे अ आणि ब वर्ग राज्याकडं, जास्त धोक्याचे क आणि ड केंद्राकडं. तुमचं कशात बसतं ते मी छातीठोक सांगणार नाही, तिथली माझी कहाणी अजून लांब आहे. ती परत कधीतरी.

शनिवारी टेबल मांडाच. बाळाची बाहुली ठेवा, प्रोब लावलेला दिसू दे, त्रास काय होता ते सांगा. दुसरं भरून झालं नसेल तर पकड हातात द्यायची नाही, उलटी करून दाखवायची नाही, आणि पुस्तिकेसाठी मजकूर मागितला तर चार ओळी त्रासाबद्दल द्या, आकृती देऊ नका. आयोजक रुसतील. रुसू देत.