चिठ्ठी दिसलीच नाही

"बाबांना काहीतरी झालंय." हे वाक्य मी समुपदेशनाच्या कामात गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की पुढचं आता मीच सांगू शकते. बोलणारी बहुधा सून असते, कधी मुलगा, एकदा तर चौदा वर्षांची नात होती. घरातले ज्येष्ठ सकाळी साडेपाचला फोन हातात घेऊनच उठतात. मेथीच्या पाण्यानं साखर उतरते इथून सुरुवात, मग निवडणूक, मग फोनमधून निघणाऱ्या लहरी, मग आज कचरागाडी उशिरा का आली. पोह्यांची बशी संपेपर्यंत चार विषय होतात आणि चारही विषयांवर निकाल लागलेला असतो. कुणी चुकून "असं नसतं हो" म्हटलं की दिवसाचं वाटोळं.

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय. 2024 च्या पावसाळ्यात त्यांची सून आली. म्हणाली, "ताई, मी पोळ्या लाटत असते आणि बाबा मागे उभे राहून मेट्रोच्या खांबांबद्दल बोलतात. उत्तर दिलं तर वाद, नाही दिलं तर अपमान. आधी असे नव्हते हो. मोजून बोलायचे."

"आधी असे नव्हते" याच्याखाली मी वहीत रेघ मारते. माणूस जन्मभर बडबड्या असेल तर तो स्वभाव. म्हातारपणी बदलला तर शोध घ्यावा लागतो. दोन-चार आठवड्यांत बोलणं एकदम वाढलं, झोप तीन तासांवर आली तरी थकवा नाही, पैसे भराभर खर्च होताहेत, असं असेल तर माझ्याकडे नका येऊ, आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणं, हिशेब न जमणं, याही वेळी डॉक्टर आधी. बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. कानही तपासा. ज्याला कमी ऐकू येतं तो कधीकधी स्वतःच बोलत राहतो, म्हणजे ऐकायची वेळच येत नाही. काकांचे रक्ताचे रिपोर्ट ठीक होते, कान ठीक, हिशेब तर माझ्यापेक्षा पक्का. वीज मंडळात हयात गेलेली.

पहिल्या दिवशी ते बगलेत जुनी डायरी घेऊन आले. बसायच्या आधीच म्हणाले, "घरच्यांना वाटतंय मी चळलोय. तुम्ही सुशिक्षित आहात, तुम्हीच ठरवा."

इथे माझी चूक कबूल करते. मी विवेकनिष्ठ पद्धतीत वाढलेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं 1955 मध्ये मांडलेली ही रीत: माणसाला दुःख घटना देत नाही, घटनेबद्दलचा हट्टी विचार देतो, आणि तो विचार प्रश्न विचारून सैल करता येतो. मी लगेच सुरू झाले. "कशावरून म्हणता? पुरावा काय?" काकांना इतकं बरं वाटलं! फोन काढून त्यांनी पुरावेच दाखवले, एकामागून एक, सगळ्यांवर दोन बाणांची खूण, म्हणजे हातोहात फिरलेले. दोन सत्रं अशी गेली. शेवटी त्यांचं रक्तदाबाचं यंत्र त्यांनी माझ्याच टेबलावर लावलं आणि बोलता बोलता मोजून म्हणाले, "बघा, एकशे अठ्ठावन्न. ही महागाई." मी म्हटलं, आता पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसा आणि मग मोजू. एकशे चाळीस आला. रक्तदाब मोजताना बोललं तर आकडा दहाच्या आसपास सहज वर जातो, हे किती घरांत कुणाला ठाऊकच नसतं. टीव्हीवर चर्चा चालू, हाताला पट्टा, तोंडानं सरकारला शिव्या, आणि मग डॉक्टरांना फोन. ते हसले, मी पण. पण काम पुढे सरकलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी म्हटलं, डायरीतलं काहीतरी वाचून दाखवा.

"तुम्हीच वाचा. हल्लीच्या पेनांत शाईच नसते, फिकं उमटतं."

मी डायरी उघडली. शाई काळीभोर होती.

पानं उलटत गेले. दिवाळीच्या नोंदी बारीक, ओळीवर बसलेल्या, जुन्या कारकुनी वळणाच्या. संक्रांतीला अक्षर थोडं मोठं झालेलं. उन्हाळ्यापर्यंत एका ओळीत चार शब्द, तेही रेघ सोडून खाली उतरलेले. पेन तेच. मग मजकूर वाचला. पेपरवाले आता हलका कागद वापरतात, अक्षरं पुसट. गाड्यांचे नवे पांढरे दिवे बंद करा, रात्री समोरचं काही दिसत नाही. नवीन फोनचा पडदा खराब, कंपन्या लुटतात. सुनेनं चहात दूध कमी केलं, रंग मळका. आणि 13 मे, मतदानाच्या दिवशीची नोंद, दोनदा अधोरेखित: "मशीनमध्ये गडबड. चिठ्ठी दिसलीच नाही."

तब्येत, राजकारण, तंत्रज्ञान, स्वयंपाकघर. वाचताना लक्षात आलं की हे विषय वेगळे नाहीतच.

त्या निवडणुकीत इंदुरात बोलायला कारण खूप होतं. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि 'वरीलपैकी कोणीही नाही'ला दोन लाख अठरा हजारांवर मतं पडली. काकांनी कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, विचारायचंही नसतं. मी एवढंच विचारलं, "काका, चिठ्ठी आलीच नाही, की आली आणि वाचता आली नाही?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मतदान यंत्राशेजारच्या डब्याच्या काचेमागे ती चिठ्ठी सात सेकंद दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. मग कापली जाऊन आत पडते. काका टेबलाकडे बघत म्हणाले, "काहीतरी पांढरं होतं."

"वाचता आलं?"

"बूथमध्ये उजेड कमी होता."

"आणि पेपर? तो तर गॅलरीत वाचता ना?"

आता ते काही बोलले नाहीत. तीन सत्रांत पहिल्यांदा आपणहून गप्प. मीही गप्प राहिले, आणि सांगते, अशा वेळी गप्प राहणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. जीभ शिवशिवते. दोनेक मिनिटांनी म्हणाले, "माझ्या वडिलांचा मोतीबिंदू काढला होता, सत्तरच्या सुमारास. एक डोळा गेला. दुसऱ्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मला म्हणायचे, बाळ, तू वाच, मला ऐकव. मी वाचायचो. आता मी कुणाला म्हणू?"

एलिस चुकला नव्हता, मीच चुकीच्या दाराची कडी वाजवत होते. मी मशीनबद्दलच्या, महागाईबद्दलच्या वाक्यांशी झगडत बसले आणि त्यांच्या मुळाशी एक न बोललेलं वाक्य होतं: माझ्यात बिघाड असताच कामा नये. ते एकदा पक्कं धरलं की बिघाड कुठेतरी असणं भागच. मग कागद बिघडतो, फोन बिघडतो, सून बिघडते, सरकार तर बिघडलेलं असतंच. सरकार, कंपन्या, पेपर यांच्याविरुद्धची प्रत्येक तक्रार खोटी असते असं मी म्हणत नाही. समोरच्या गाडीचे दिवे मलाही खुपतात. पण काकांनी पूर्णविराम दिलेल्या जागी खरं तर प्रश्नचिन्ह होतं, आणि घरचे पूर्णविरामाशीच भांडत होते. हे मला सुचलं तेव्हा, खरं सांगते, संध्याकाळी घरी जाताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

म्हणून आता येणाऱ्या सुनांना, मुलांना मी सांगते: फॉरवर्ड खोटा आहे हे सिद्ध करायला बसू नका, निदान जेवताना तरी नको. "बाबा, हे तुम्हाला कधी जाणवलं?" एवढंच विचारा. 'लोक काय म्हणतात' यावरून 'तुम्हाला काय झालं' यावर गाडी आणा. फोनवर बँकेचा माणूस पिन मागत होता असं वडील सांगत असतील तर बँकांवरचं भाषण थांबवू नका; आधी बघा, पैसे गेले तर नाहीत? गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन. आणि चारचौघांत, नातवंडांसमोर, विचारू नका. काका माझ्याशी बोलले कारण खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा जास्त. 'पिकू द्यायचा' म्हणून थांबायची आता गरज नसते. वडिलांच्या डोळ्यातलं भिंग काढून जागा रिकामी ठेवली होती, म्हणून तो जाड चष्मा. आता आत कृत्रिम भिंग बसवतात. हे काकांना त्यांनी चित्र काढून समजावलं. मी फक्त बाहेर बाकावर बसले होते. दिवाळीनंतर उजवा झाला, थंडीत डावा. दुपारपर्यंत घरी.

सुनेचा फोन आला तो संक्रांतीला. मला वाटलं, आभार मानेल. तिचा वैतागलेला आवाज: "ताई, बाबा आता मेसेज शेवटपर्यंत वाचतात. आणि मग ज्यानं पाठवला त्याला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कळवतात. आमच्या माहेरच्या ग्रुपवरसुद्धा."