नॅनोधूळ: टेबल पुसून काय कळतं?

प्रश्न: आमच्या प्रयोगशाळेत टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) यांची पूड तोलली जाते. आता टेबलं पुसून नमुने तपासायचे ठरलं आहे. किती मायक्रोग्रॅमपर्यंत सुरक्षित समजायचं?

उत्तर: असा सुरक्षित आकडा कोणी देऊ शकणार नाही. शिफारशी आहेत त्या हवेसाठी. कामाच्या जागी आरोग्य जपण्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने अतिसूक्ष्म टायटॅनियम डायऑक्साइडसाठी घनमीटरला 0.3 मिलिग्रॅम (2011) आणि कार्बन नॅनोट्यूबसाठी 1 मायक्रोग्रॅम (2013) अशी पाळीभराची सरासरी सुचवली आहे. टेबलावर सापडलेल्या पुडीतली किती फुप्फुसात गेली, हे त्या पुडीवरून काढता येत नाही. पूड जिथे नसायला हवी तिथे पोचली आहे का, एवढं मात्र नक्की कळतं. म्हणून नमुन्यांच्या जागा विचार करून निवडा: वजनकाट्याची बाजू, फ्यूम हूडचा (दूषित हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) उंबरा, हुडाबाहेरचं टेबल, कीबोर्ड, दाराची मूठ आणि तुलनेसाठी पूड कधीच न जाणारी एखादी खोली. हुडात पूड सापडणं अपेक्षितच आहे. ती मुठीवर सापडली, तर हातमोजे न काढता दार उघडलं जातंय असं समजा.

नमुना 10 बाय 10 सेंटीमीटरच्या चौकटीत घ्यावा. ओलसर वाइप (नमुना पुसून घ्यायचा रुमाल) नागमोडी आडवा फिरवा, मळलेली बाजू आत दुमडून उभा फिरवा, पुन्हा दुमडून कडा पुसा आणि स्वच्छ नळीत बंद करा. दर जागेला हातमोजे बदला. हे टाळलं तर पहिल्या जागेची पूड दुसरीकडे जाते आणि सगळी मेहनत फुकट. मुठीवर चौकट बसत नाही, तिथे पूर्ण मूठ पुसून निकाल ‘एका मुठीवर इतके मायक्रोग्रॅम’ असा लिहा. दोन-तीन वाइप त्याच जागी नुसते उघडून, काही न पुसता बंद करून पाठवायला विसरू नका. कोऱ्या वाइपमध्ये मुळातच किती असतं हे त्यांच्यावरून कळतं; त्यांच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

टायटॅनियममध्ये दोन खाचखळगे आहेत. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि कागदातही तो असतो, आणि नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्राला रंगातला कोणता नि तुमच्या पुडीतला कोणता हे कळत नाही. शिवाय नुसत्या नायट्रिक आम्लात टायटॅनियम डायऑक्साइड नीट विरघळत नाही, त्यामुळे निकाल फसवा कमी येतो. नमुने कोणत्या आम्लात विरघळवणार, हे तपासणी करणाऱ्यांना आधीच विचारा.

नॅनोट्यूबचं दुखणं वेगळं. कार्बन सगळीकडेच असतो, वाइपमध्येसुद्धा. त्यामुळे चिकट पट्टीने धूळ उचलून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं बरं. तिथे नॅनोट्यूबचे गुंताळे ओळखू येतात. दुसरा मार्ग म्हणजे नॅनोट्यूब बनवताना वापरलेल्या धातूच्या उत्प्रेरकाचा जो अवशेष पुडीत उरतो, त्याचा माग: कोबाल्ट किंवा निकेल असेल तर उत्तम, लोखंड असेल तर ते इतर धुळीतही असतंच. मात्र तुमच्या पुडीत त्या धातूचं प्रमाण किती, हे आधी मोजलेलं हवं.

प्रश्न: हवेतले कण मोजण्याचं यंत्र लावल्यावर आकडा एकदम वर गेला. गळती समजायची का?

उत्तर: लगेच नाही. ते यंत्र कण मोजतं, ओळखत नाही. व्हॅक्यूमच्या मोटरचे ब्रश, गरम प्लेट, बाहेरच्या गाड्यांचा धूर हे सगळं त्यात येतं. आधी पार्श्वभूमी मोजा, मग तेच काम पुडीशिवाय करून पाहा, मग पुडीसह. श्वासाच्या उंचीवर फिल्टरचा नमुनाही सोबत घ्या.

प्रश्न: सफाई कशी करावी?

उत्तर: झाडू नको, दाबाची हवा तर मुळीच नको. ओला पुसणा किंवा हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम वापरा. हेपाला सर्वांत जड जातात ते 0.3 मायक्रोमीटरच्या आसपासचे कण. त्याहून बारीक कण वेडेवाकडे भरकटत फिल्टरच्या धाग्यांवर आदळतात आणि अडकतात. हुडाच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.4 ते 0.5 मीटर ठेवा. वेग खूप वाढवला की भोवरे तयार होऊन हलकी पूड उलट बाहेर येते. ‘जास्त म्हणजे बरं’ हे इथे लागू नाही. ॲल्युमिनियमसारख्या धातूच्या नॅनोपुडीला मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नका: पाण्याशी तिचा हायड्रोजन तयार होऊ शकतो आणि साध्या व्हॅक्यूमच्या ठिणगीने ती पेटू शकते. तिथे पुरवठादाराची सुरक्षा-पत्रिका वाचून, स्फोटरोधक व्हॅक्यूम आणूनच हात घाला.